शिरगुप्पे बाईंचा कॅलिपर

करमरकर मॅडमनी तो तुकडा व्हाइसमध्ये आवळला, हँडलला आणखी एक झटका दिला आणि माझ्याकडं न बघताच हात पुढं केला.

"हातोडी आहे?"

मी हातोडी दिली. मनातून मला हसू येत होतं. तो तुकडा मी स्वतः जोडला होता. अर्धा स्टीलचा, अर्धा अल्युमिनियमचा, मधे लेझरच्या ठिपक्यांची बारीक ओळ, माशाच्या खवल्यांसारखी एकावर एक चढलेली. मॅडम पुण्याहून आमच्या लेझर वेल्डिंग मशीनच्या सर्व्हिसिंगला आल्या होत्या. मशीनची काच पुसून झाली, आतला दिवा बदलून झाला, तेव्हा मीच तो तुकडा खिशातून काढून त्यांच्यापुढं ठेवला होता. "हे बघा मॅडम, तुमच्या मशीनवर आम्ही काय केलंय."

त्यांनी तो उजेडात धरला, ओळीवरून नख फिरवलं.

"दिसतंय तर छान. वजन लावून बघितलंस?"

"ऐंशी किलोचा लोखंडी डाय लटकवला होता. पाच मिनिटं. जागचं हललं नाही."

"हं," म्हणाल्या, आणि मग त्यांनी हातोडी मागितली.

त्यांनी जोरात मारलंसुद्धा नाही. दारावर टकटक करावी तेवढंच. टक् असा आवाज झाला आणि स्टीलचा भाग उडून मशीनखाली गेला. मी गुडघ्यावर बसून तो बाहेर काढला. मोडलेली कड अगदी स्वच्छ होती. कुठं वाकलेली नाही, ताणलेली नाही. बिस्कीट मोडावं तशी.

"लोखंड आणि अल्युमिनियम एकत्र वितळलं की दोघांच्या मधे एक तिसराच थर तयार होतो," मॅडम सांगत होत्या. "कडक असतो, पण काचेसारखा. सरळ खाली ओढलंस तर धरून ठेवतो. धक्का बसला किंवा पुन्हा पुन्हा वाकवलं की गेला. तो थर अगदी पातळ, केसापेक्षाही कितीतरी पातळ ठेवता आला तरच जोड टिकतो. तुमच्या या मशीनवर, हातानं, ते जमणार नाही. पण तू हे कशासाठी केलं होतंस?"

मी हातातला मोडका तुकडा उलटसुलट करत राहिलो.

"श्रेणिक? सॅम्पलच आहे ना हे?"

"हे सॅम्पल आहे," मी म्हटलं. "खरा जोड एका बाईंच्या पायात आहे."

या गोष्टीला आता अठरा वर्षं झाली. मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. कुपवाडच्या एमआयडीसीत अण्णा खोतांचं डाय आणि मोल्ड, म्हणजे कारखान्यांतले साचे, दुरुस्त करायचं वर्कशॉप होतं आणि त्यांनी नुकतंच ते लेझरचं मशीन घेतलं होतं. आमच्या भागात तसं दुसरं मशीन कुणाकडं नव्हतं. मोल्डची झिजलेली कड, चिरलेला कोपरा, पूर्वी जे काम मुंबई-पुण्याला पाठवावं लागायचं ते मी मायक्रोस्कोपला डोळा लावून, पायानं पेडल दाबत तासाभरात करून द्यायचो. लोक बघायला यायचे. अण्णा त्यांना मशीन दाखवायचे आणि मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणायचे, "आणि हा आमचा चालवणारा." माझ्या डोक्यात हवा गेली होती, हे मी आज कबूल करतो.

शिरगुप्पे बाईंनी मला मिरजेच्या शाळेत सातवीत गणित शिकवलं होतं. त्या अडीच वर्षांच्या असताना पोलिओनं त्यांचा उजवा पाय गेला होता. मांडीपासून बुटापर्यंत लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर लावून, काठी न घेता त्या चालायच्या. व्हरांड्यात त्यांच्या पावलांचा आवाज आला की आमचा वर्ग गप्प व्हायचा. मारायच्या नाहीत कधी. पण फळ्यावर गणित चुकलं तर खडू आपल्या हातात देऊन म्हणायच्या, "कुठं चुकलंय ते तूच शोध. मी थांबते." आणि खरंच थांबायच्या. पाच-पाच मिनिटं.

त्या दिवाळीच्या आधी, ऑक्टोबरमध्ये, त्या रिक्षा करून वर्कशॉपवर आल्या. हातात कापडी पिशवी. पिशवीत अल्युमिनियमच्या चार पट्ट्या आणि गुडघ्याचे दोन स्टीलचे सांधे.

"श्रेणिक, मला बाहुबलीचा डोंगर चढायचाय," त्या म्हणाल्या.

कुंभोजजवळचा हा डोंगर आमच्याकडच्या जैनांना नवीन नाही. वर मंदिरं आहेत आणि पायथ्यापासून वरपर्यंत पायऱ्या. बाई दर वर्षी घरच्यांबरोबर जायच्या, पण डोलीतून.

"डोलीत बसून वर गेलं की वाटतं, आपल्याला कुणीतरी पार्सल पाठवलंय," त्या म्हणाल्या. "एकदा माझ्या पायांनी जायचंय. एकावन्न पूर्ण झालीत, आता पुढं ढकलण्यात अर्थ नाही. माझा लोखंडी कॅलिपर जड आहे आणि त्याला चामडं आहे, तो देवळात चालत नाही. म्हणून दस्तगीरभाईंना हलका करायला सांगितला. अल्युमिनियमच्या पट्ट्या, कॅनव्हासचे पट्टे, कापडी बूट. फक्त त्यांचे ते रिवेट मला नकोत. सहा महिन्यांत ढिले होतात, कटकट वाजतात आणि साड्या फाडतात. तुझं मशीन धातू जोडतं ना?"

"जोडतं की," मी म्हटलं.

"स्टीलला अल्युमिनियम?"

"काहीपण."

असं मी म्हटलं. आधी कधी जोडलं नव्हतं, कुणाला विचारलं नव्हतं. दोन दिवस खटपट केली. पहिले तुकडे गार होताहोताच तडकले, तेव्हा मी ठिपक्याची ताकद कमी-जास्त करत गेलो आणि शेवटी एक ओळ अशी बसली की बघत राहावं. त्यावर तो डाय लटकवला. मग बाईंचे चारही जोड केले, पॉलिश केले आणि पिशवी त्यांच्या घरी नेऊन दिली. पट्टे आणि बूट लावायचं काम दस्तगीर मिस्त्रींचं होतं. मिरजेत कॅलिपर आणि कृत्रिम पाय बनवण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं.

आता व्हाइससमोर उभा राहून मी दिवस मोजत होतो. त्या दिवशी गुरुवार होता. शाळेला दिवाळीची सुट्टी होती. आणि गुरुवारी सकाळी निघणार, असं बाईंनीच मला सांगितलं होतं.

मी ऑफिसात जाऊन त्यांच्या घरी फोन लावला. त्यांच्या वहिनींनी उचलला.

"ताई ना? सकाळी सातलाच गेल्या की. आमच्या दोघी मुली आहेत बरोबर. जीपनं गेलेत. का रे?"

"काही नाही," मी म्हटलं आणि फोन ठेवला. भिंतीवरच्या घड्याळात साडेनऊ झाले होते. बाईंकडं मोबाइल नव्हता. पोरींकडं असायचं कारणच नव्हतं.

अण्णा दारात उभे होते. मॅडमनी त्यांना सांगितलं होतं सगळं. मला वाटलं, आता ओरडतील. त्यांनी खिशातून मोटरसायकलची किल्ली काढली आणि माझ्या हातात कोंबली.

"जा की मग. हितं काय उभा राहिलाईस?"

सांगली, जयसिंगपूर, मग हातकणंगल्याकडून आत. त्या रस्त्यावरचं मला फारसं काही आठवत नाही. उसाच्या ट्रॅक्टरमागं अडकलो होतो, एवढं आठवतं, आणि हॉर्नवरचा अंगठा दुखत होता. डोक्यात एकच हिशोब चालू होता. प्रत्येक पायरी म्हणजे एक धक्का. चढताना वजन डाव्या पायावर, मग उजवा उचलून वर ठेवायचा, त्यावर भार द्यायचा. टक्. पुन्हा. मॅडमनी एकदाच मारलं होतं. इथं शेकडो पायऱ्या. आणि गुडघ्यापाशी पट्टी सुटली तर बाईंना सावरायला काही नाही, कारण त्या पायात ताकदच नाही. त्या मागं पडणार. मागं म्हणजे खाली.

पायथ्याशी मोटरसायकल लावली तेव्हा पावणेअकरा होत होते. डोलीवाले सावलीत बसले होते. मी बूट काढत विचारलं, "एक बाई आल्या होत्या का? पायाला कॅलिपर, बरोबर दोन मुली?"

"मास्तरीणबाई न्हवं?" एक म्हातारा डोलीवाला म्हणाला. "आल्त्या की. आमी दर वर्साला नेतोय त्यास्नी. आज म्हनल्या, डोली नगं. चढल्या."

"कधी?"

"झालं की दीड तास. लई सावकाश चाललंय त्यांचं. काय झालंय ओ?"

मी उत्तर द्यायला थांबलो नाही.

पहिल्या पन्नास-साठ पायऱ्या मी धावत गेलो असेन. मग छाती भरून आली. उतरणारी माणसं बाजूला होत होती, कुणीतरी "सावकाश, सावकाश" म्हणालं. प्रत्येक वळणावर मला वाटायचं, आता दिसेल. घोळका दिसेल, कुणीतरी खाली वाकलेलं असेल. एका वळणावर खरंच चार-पाच माणसं उभी होती. जवळ गेलो तर कुणीतरी पाण्याची बाटली उघडत होतं आणि बाकीचे आपली पाळी यायची वाट बघत होते.

त्याच्या वरच्या टप्प्यावर बाई दिसल्या.

कठड्याला टेकून पायरीवर बसल्या होत्या. कॅलिपरचा पाय सरळ समोर पसरलेला. दोन्ही भाच्या शेजारी, बारा-चौदा वर्षांच्या. धाकटी बाईंच्याच पदरानं त्यांना वारा घालत होती. बाईंचा चेहरा लाल झाला होता, पण त्या शाबूत होत्या. पूर्ण शाबूत.

"बाई!" मी खालूनच ओरडलो. "उठू नका! जागच्या हलू नका!"

आणि माझा आवाज ऐकून, कोण ओरडतंय ते बघायला, बाई कठड्याला धरून उठल्या.

मी आजवर बरंच काही बघितलंय, पण ते दोन सेकंद मला अजून सोसवत नाहीत. गुडघा वाकू न देणारी सांध्याची कडी खट्कन पडली, त्यांनी भार दिला, सगळं वजन त्या पायावर आलं. मी डोळे मिटले.

काही झालं नाही.

"श्रेणिक? तू इथं कसा?"

मी उरलेल्या पायऱ्या चढून त्यांच्या पायाशी बसलो. "जोड," मी म्हटलं. "माझा जोड. मोडतो तो. हातोडीनं मोडला आत्ता. टकटक केली तरी मोडतो. बाई, मला माहीत नव्हतं. मी विचारलंच नाही कुणाला."

बाईंनी मोठ्या भाचीला सांगितलं, "शर्वरी, त्याला पाणी दे." मग त्या पुन्हा कठड्याला धरून हळूच खाली बसल्या, साडी जरा वर केली आणि गुडघ्यापाशी गुंडाळलेला कॅनव्हासचा पट्टा सोडला.

"बघ," म्हणाल्या.

माझी खवल्यांसारखी ओळ होती तिथंच होती. तिच्या बरोबर मधून, या टोकापासून त्या टोकापर्यंत, केसासारखी काळी रेघ गेली होती. बाहेरच्या बाजूचा वरचा जोड पुरता तडकला होता. आणि त्या तडकलेल्या ओळीच्या दोन्ही अंगांना, पट्टीतून आणि सांध्यातून आरपार, तीन रिवेट होते. डोकी कानशीनं घासून पट्टीच्या बरोबरीनं सपाट केलेली. वरून बोट फिरवलं तरी लागत नव्हती. चारही जोडांना तसेच.

"खाली साठेक पायऱ्या झाल्या असतील तेव्हा आवाज झाला," बाई म्हणाल्या. "एकदाच. पेन्सिलीचं टोक मोडल्यासारखा. मी थांबले, हलवून बघितलं, तर सगळं घट्ट. म्हणून आणखी चढले. इथवर आल्यावर मात्र पट्टा सोडून बघितला, आणि ही रेघ दिसली. तेव्हापासून बसून आहे. वर जावं की खाली, ते ठरेना."

"रिवेट कुणी मारले?"

"दस्तगीरभाईंनी. आणखी कोण मारणार? पट्टे लावायला नेलं तर म्हणाले, 'बाई, पोरानं काम सुंदर केलंय, पण मी हे माझ्या हातानं तुमच्या पायात घालणार नाही.' मी म्हटलं, रिवेट वाजतात. तर म्हणाले, 'वाजणार नाहीत असे मारतो. नाहीतर दुसरा मिस्त्री बघा.'"

मी त्या रिवेटांकडं बघत बसलो. हसू येत होतं का रडू, मला सांगता येणार नाही. दोन्ही एकदमच आलं असावं, कारण धाकटी भाची घाबरून बाईंच्या आड सरकली.

"आता तू आलाच आहेस तर तूच सांग," बाई म्हणाल्या. "वर जायचं की खाली?"

कालपर्यंत कुणी विचारलं असतं तर मी लगेच उत्तर दिलं असतं. पट्टीची जाडी, रिवेटचा व्यास, बाईंचं वजन, सगळं बघून काहीतरी ठोकून दिलं असतं. मी रिवेट एकेक करून अंगठ्यानं दाबला. एकही हलला नाही. पण मला त्या कामातलं काय कळत होतं?

"मला माहीत नाही, बाई," मी म्हटलं.

बाईंनी माझ्याकडं जरा वेळ बघितलं. "मग ज्याला माहीत आहे त्याला विचार."

माझ्याकडं मोबाइल होता. दस्तगीर मिस्त्रींच्या दुकानाचा नंबर बाईंना पाठ होता. एवढ्या उंचीवर रेंज चांगली येत होती. चार-पाच रिंग झाल्यावर मागं कशावर तरी ठोकण्याचा आवाज आणि मग त्यांचा आवाज आला.

"बोला."

"चाचा, मी श्रेणिक मगदूम. शिरगुप्पे बाईंच्या कॅलिपरला वेल्डिंग केलेला."

"हां, लेझरवाला. बोल बेटा."

"चाचा, वेल्ड तडकलाय. वरचा, बाहेरच्या बाजूचा. आम्ही बाहुबलीच्या डोंगरावर आहोत. अर्ध्यावर."

पलीकडचं ठोकणं थांबलं. "बाई पडल्या?"

"नाही. बसल्यात. ठीक आहेत."

"रिवेट बघितले? हलतात?"

"एकपण नाही."

"पट्टीला भोकापाशी चीर? नीट बघ. बाजूनं उजेड घेऊन बघ."

मी मान तिरकी करून प्रत्येक रिवेटच्या कडेनं बघितलं. मोठ्या भाचीनं आरशाची डबी काढून उन्हाचा कवडसा पाडला. चारही जोड, बाराही रिवेट. "चीर नाही, चाचा. फक्त माझी ओळ फुटलीय."

"मग जाऊ दे त्यांना वर."

"पण चाचा, वेल्ड गेलाय म्हणजे निम्मी ताकद—"

"अरे बाबा, ऐक," ते म्हणाले. "मी तुझ्या वेल्डला मदत म्हणून रिवेट मारले नाहीत. तुझा वेल्ड नाहीच, असं धरून मारलेत. आता तो गेला, म्हणजे माझ्या हिशोबात काहीच गेलं नाही. समजलं? बाईंना फोन दे."

बाईंनी फोन घेतला. "हो, दस्तगीरभाई... हो... नाही, घाई नाही करत... हो, दर पंचवीस पायऱ्यांना बसते... अहो हो, डाव्या हातानं कठडा धरते." मग त्या हसल्या. दीड तास चढून दमलेली ती बाई खळखळून हसली. फोन माझ्या हातात देत म्हणाल्या, "म्हणाले, वरून नाचत उतरलात तरी चालेल, पण नाचू नका."

माझ्या छातीवरचं ओझं तेव्हा उतरलं. खरं तर बाईंना बसलेलं बघितलं तेव्हाच उतरायला हवं होतं, पण उतरलं ते त्या हसण्यानं. मी दोन्ही हातांनी तोंड पुसलं आणि पट्टा त्यांना जसा हवा तसा परत बांधून दिला.

उरलेल्या पायऱ्या आम्ही तासाभरात चढलो. शर्वरी पुढं, बाई मधे, मी त्यांच्या मागं एक पायरी खाली, हात जरा उघडे ठेवून. हात वापरायची वेळ आली नाही. बाई मोठ्यानं पायऱ्या मोजत होत्या, शाळेत पाढे म्हणायच्या त्याच आवाजात. येणारे-जाणारे वळून बघत होते आणि त्यांना त्याचं काही नव्हतं. शेवटच्या पायरीवर त्यांनी डावा पाय ठेवला, मग उजवा उचलून शेजारी ठेवला आणि उभ्या राहिल्या. खाली सगळीकडं ऊस होता, लांबवर हिरवा. पोरींनी त्यांच्या दोन्ही बाजूंनी मिठी मारली. मी जरा लांब जाऊन उभा राहिलो.

दर्शन घेऊन आल्यावर बाई झाडाखाली बसल्या आणि मला समोर बसवलं.

"एक सांगायचंय तुला. दस्तगीरभाई मला म्हणाले होते, त्या पोराला सांगा. त्याचा जोड टिकायचा नाही, त्याला कळू दे. मी म्हटलं, नको. तू एवढ्या हौसेनं केलं होतंस. मला वाटलं, रिवेट मारलेतच, मग मुलाला कशाला दुखवायचं?" त्यांनी मांडीवर पडलेलं पान झटकलं. "तीस वर्षं शिकवते मी. चूक दाखवायची राहिली की ती पुढच्या गणितात येते, हे मला कळायला हवं होतं. तुझं काम तू न विचारता केलंस. माझं काम मी केलंच नाही."

"बाई, तुम्ही कशाला—"

"थांब. अजून आहे. रविवारी आमच्या अपंग मित्रमंडळाची बैठक होती. मी सगळ्यांपुढं तुझं नाव घेतलं. हलका कॅलिपर हवा असेल तर श्रेणिककडं जा, म्हटलं. आज ती रेघ दिसल्यापासून मला माझ्या पायाची काळजी कमी आणि त्याचीच जास्त लागली होती. कुणी आलं का तुझ्याकडं?"

त्या गडबडीत मी ते पार विसरलो होतो.

"आले होते," मी म्हटलं. "काल. दोघंजण. एक बेडगचे गृहस्थ आहेत, आणि एक आई मुलीचा घेऊन आली होती. नऊ वर्षांची मुलगी आहे. सायकल चालवायचीय म्हणाली."

बाईंचा चेहरा उतरला. "जोडलेस?"

"नाही."

"खरं सांग, श्रेणिक."

"नाही, बाई. आज सर्व्हिसिंग होती ना. मशीन बंद होतं सकाळपासून. दोन्ही पिशव्या अजून माझ्या टेबलाखाली आहेत. उघडल्यापण नाहीत."

बाईंनी डोळे मिटले. ओठ हलत होते. मग एक लांब श्वास सोडला आणि डोकं झाडाला टेकून तशाच बसून राहिल्या. धाकटी भाची कागदात बांधलेला भडंग घेऊन आली, तेव्हा बाईंनी पहिली मूठ माझ्या हातावर ठेवली.

पुढं तो जोड मीही शिकलो. करमरकर मॅडमनी कागदपत्रं पाठवली, नंतर पुण्याला बोलावून घेतलं. लेझर स्टीलच्या बाजूनं मारायचा, आणि तो किती खोल जाऊ द्यायचा, किती वेगानं सरकवायचा, ते हातानं नाही, यंत्रानं धरावं लागतं. आज माझ्या स्वतःच्या वर्कशॉपमध्ये बॅटरीच्या पट्ट्यांना आम्ही असे जोड करतो. प्रत्येक लॉटमधले पाच मी स्वतः मोडून बघतो. पण माणसाच्या अंगावर जाईल असं काही मी परत कधी त्या पद्धतीनं जोडलं नाही.

डोंगरावरून आल्याच्या दुसऱ्याच दिवशी, शुक्रवारी सकाळी, वर्कशॉपला जायच्या आधी, मी त्या दोन्ही पिशव्या घेऊन मिरजेत दस्तगीर मिस्त्रींच्या दुकानात गेलो. ते लाकडी ठोकळ्यासमोर मांडी घालून बसले होते. मी सगळं सांगितलं. ते ऐकत होते की नाही कळेना, कारण हातातलं काम त्यांनी थांबवलं नाही. सांगून झाल्यावर त्यांनी मुलीच्या कॅलिपरची छोटी पट्टी ठोकळ्यावर ठेवली, सांधा तिच्यावर बसवला, भोक पाडलं आणि हातोडी माझ्यापुढं धरली.

"मार."

"मी?"

"मग कोण? तुझ्याकडं आणलंय ना तिच्या आईनं."

पहिला रिवेट वाकडा बसला. चाचांनी तो न बोलता कापून काढला. दुसरा पण. तिसऱ्याचं डोकं चिरलं. दुकानात गिऱ्हाईक आलं, बसलं, चहा पिऊन गेलं. चौथा मी मारला तेव्हा चाचांनी तो कानशीनं घासला, वरून अंगठा फिरवला, पट्टी दोन्ही हातांत धरून पिळून बघितली, कानाशी नेऊन हलवली.

"हा असू दे," ते म्हणाले आणि दुसरं भोक पाडायला घेतलं.